सुट्या पानांची गोष्ट
कवितेचे मोजके छापील कागद आणि त्यांच्या संग्रहाचा प्रश्न

रत्नागिरीकडच्या लग्नांना लहानपणी गेलेल्यांना अंतरपाट धरण्याआधी हातात पडणारा गुलाबी किंवा पिवळा कागद आठवत असेल. वर गणपतीचा ठसा, त्याखाली ‘शुभमंगल सावधान’, मग घरातल्याच कुणा मास्तरांनी शार्दूलविक्रीडितात बसवलेल्या मंगलाष्टका. दोन्हीकडची आडनावं, कुलदैवतं, कैलासवासी आजोबा असे सगळे त्या एकोणीस अक्षरांच्या ओळींत दाटीवाटीनं बसलेले असत. तळाशी बारीक खिळ्यांत छापखान्याचं नाव. शे-दोनशे प्रती निघत आणि लग्न लागलं की त्यांतल्या बहुतेकांचे मांडवातच पंखे होत. एखादी प्रत नवरीच्या ट्रंकेत जाई आणि चाळीस वर्षांनी पैठणीच्या घडीत सापडे.

एका बाजूनं छापलेला सुटा कागद, त्यावर एकच कविता, मोजक्या प्रती आणि छोटा खासगी छापखाना, या चार गोष्टी एकत्र आल्या की इंग्रजी जगात त्या वस्तूला ब्रॉडसाइड म्हणतात. तिथे त्यांचे संग्राहक आहेत, विक्रेते आहेत, सूच्या आहेत. आमच्या मंगलाष्टकेच्या कागदात चारही गोष्टी असतात, पण तो संग्रहात ठेवावा असं फारसं कुणाला वाटलेलं नाही. मराठीत अशा कागदांच्या संग्रहाचा विचार आज कुठवर आला आहे, याचा आढावा घ्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा पहिला मुक्काम या गुलाबी कागदावरच करावा असं ठरवलं.

नावाचा घोळ

मराठीत या वस्तूला नाव नाही. भित्तिपत्रक म्हटलं की कॉलेजच्या जिन्याजवळची काचपेटी आणि तिच्यातली हस्तलिखित पानं आठवतात. ती तर एकाच प्रतीची असतात. पोस्टर म्हटलं की सिनेमा किंवा निवडणूक. ‘पोस्टर कविता’ हा शब्द रुळला आहे खरा, पण तो मोर्च्यात धरलेल्या फलकापासून प्रदर्शनातल्या सुलेखनापर्यंत सगळ्याला लावला जातो. मी या लेखापुरतं ‘सुटं पान’ म्हणणार आहे.

नाव नसल्याचा तोटा हिशेबात दिसतो. सार्वजनिक वाचनालयाच्या दाखलनोंदीत ग्रंथ असतात, नियतकालिकं असतात. सुटं पान यांपैकी कशातच मोडत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्यावर अनुदान ठरतं. ग्रंथसंख्या वाढली तर त्याचा वर्गासाठी उपयोग होतो, सुट्या पानांचा गठ्ठा सांभाळून काही पदरात पडत नाही. ग्रंथपालाला दोष देण्यात अर्थ नाही.

कायद्याची व्याख्याही मजेशीर आहे. १९५४ च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येक पुस्तकाची प्रत द्यायची असते. त्यातल्या ‘पुस्तका’च्या व्याख्येत खंड येतो, पुस्तिका येते, स्वतंत्र छापलेला नकाशा येतो, तक्ता येतो, संगीताच्या स्वरलिपीचा सुटा कागदही येतो. सुट्या कवितेचा उल्लेख नाही. म्हणजे एखादं गाणं स्वरलिपीसह एका कागदावर छापलं तर राष्ट्रीय ग्रंथालयाचा त्यावर हक्क स्पष्ट आहे, आणि त्याच गाण्याचे नुसते शब्द छापले तर वाद घालायला जागा आहे.

बाहेरच्या दोन वाटा

युरोपात सोळाव्या शतकापासून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पोवाडेवजा गाण्यांचे सुटे कागद निघत होते. तो इतिहास मोठा आहे आणि आपल्या प्रश्नाला त्याचा थोडाच भाग लागतो. लागतात ती विसाव्या शतकातली दोन उदाहरणं, कारण ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिलं आयर्लंडचं. कवी येट्स यांच्या बहिणीनं चालवलेल्या कुआला प्रेसनं १९०८ ते १९१५ या काळात ‘अ ब्रॉडसाइड’ नावाची मासिक मालिका काढली. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले, प्रत्येकाच्या तीनशे प्रती. हातानं चालवायचं यंत्र, भाऊ जॅक येट्स याची चित्रं आणि ती हातानं रंगवलेली. संख्या मुद्दाम कमी ठेवलेली होती आणि वर्गणीदारांना ती ठाऊक होती.

दुसरं डेट्रॉइटचं. १९६५ मध्ये डडली रँडल या कृष्णवर्णीय ग्रंथपाल-कवीनं ब्रॉडसाइड प्रेस सुरू केला. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोटात मेलेल्या मुलींवरची त्याची कविता हे त्याचं पहिलं सुटं पान. आपली कविता आपल्याच हातात राहावी आणि ती स्वस्तात लोकांपर्यंत पोचावी हा हेतू. पुढे ग्वेंडोलिन ब्रूक्स यांच्यासारख्या पुलित्झरविजेत्या कवयित्रीनंही त्याला कविता दिल्या.

म्हणजे एकानं पान दुर्मीळ केलं आणि दुसऱ्यानं ते वाटलं. आज दोन्ही प्रकारची पानं संग्राहकांच्या पेटीत शेजारी शेजारी असतात. असे कागद जमवण्याविषयीच्या आपल्याकडच्या वादाची मुळं पुष्कळशी या शेजारात आहेत.

आपली वाट

मुंबईत १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढलं, १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याच्या गावांतही छापखाने आले. रत्नागिरीत ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ ही पत्रं निघत. जिथे वर्तमानपत्राचा छापखाना असे तिथे उरलेल्या वेळात किरकोळ कामं चालत: पावत्या, जाहिराती, नाटकाची हँडबिलं, आरत्या, स्वागतपद्यं, मानपत्रं आणि मंगलाष्टका. मराठी सुट्या पानाचं पहिलं कूळ हे. त्यात कवी हौशी असतो, प्रसंग घरगुती असतो आणि वाचक नातेवाईक असतात.

दुसरं कूळ सरकारच्या दप्तरात सापडतं. पारतंत्र्यात गाणी, पोवाडे आणि कविता पत्रकांवर व चोपड्यांत छापून वाटल्या जात. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कवितांच्या एका छोट्या पुस्तिकेवरून. दुसऱ्या वर्षी, १९१० मध्ये, छापखान्यांवर जामिनाचा बडगा उगारणारा प्रेस अ‍ॅक्ट आला. जप्त केलेल्या छापील मजकुराची एकेक प्रत पुरावा म्हणून ठेवली गेली, आणि तो मजकूर आज ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘बंदी घातलेलं साहित्य’ म्हणून सूचीबद्ध आहे. त्यात पत्रकं आणि हँडबिलंही आहेत. ज्यांनी ती छापली त्यांच्या घरातून ती कधीच गेली. या प्रकारच्या कागदांचा सर्वांत पद्धतशीर संग्राहक पोलीस खातं ठरलं, हे संग्राहकांच्या बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही.

तिसरं कूळ लघुअनियतकालिकांचं. १९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी सायक्लोस्टाइल करून ‘शब्द’ काढायला सुरुवात केली. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, राजा ढाले यांचं ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचं ‘अबकडइ’, औरंगाबादहून ‘वाचा’, सतीश काळसेकर आणि तुळसी परब यांच्या वर्तुळातलं ‘फक्त’ अशी रांग लागली. यांतली बरीच नावं आज अभ्यासक्रमात आहेत, पण अंक फार थोड्या ठिकाणी आहेत. ही सुटी पानं नव्हेत, अंक आहेत. तरी त्यांचा विषय टाळता येत नाही. कवितेनं पुस्तकाची वाट न पाहता मिळेल त्या कागदावर उतरावं, ही सवय त्यांनी लावली. अलाहाबादहून अरविंद कृष्ण मेहरोत्रांचं ‘डॅम यू’ आणि बडोद्याहून गुलाममोहम्मद शेख व भूपेन खख्खर यांचं ‘वृश्चिक’ हे त्यांचे समकालीन सोबती.

आणि मग १९८३. अशोक शहाणे यांनी ‘प्रास प्रकाशना’तर्फे वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता पोस्टर म्हणून काढली. पुस्तक नाही, अंक नाही, भिंतीवर लावायचा कागद. ब्रॉडसाइडचं मराठीतलं नेमकं उदाहरण कोणतं, असं विचारलं तर मी याच कागदाकडे बोट दाखवीन.

मर्यादा कुणी घातली?

संग्राहकांच्या जगात ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दाला वजन असतं. तळाशी पेन्सिलीनं ‘१७/१००’ असं लिहिलेलं असतं, शेजारी कवीची सही असते. छापणाऱ्यानं जुळणी मोडली आहे आणि एकशेएकावी प्रत निघणार नाही, असा तो शब्द दिलेला असतो. आपल्याकडच्या पानांवर आकडा नसतो, कित्येकदा तारीखही नसते. म्हणून काहीजण म्हणतात की मराठीत मर्यादित आवृत्तीची परंपराच नाही.

इथे छापखान्यात डोकावणं गरजेचं आहे. रत्नागिरीत ट्रेडल छपाईयंत्र चालवलेल्या एका वृद्ध कंपोझिटरांकडे मी दोन-तीन दुपारी बसलो होतो. त्यांनी सांगितलेला हिशेब साधा होता. गावच्या छापखान्यात सोळा पॉइंटचे खिळे असून असून किती असणार? मराठीत काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं यांसाठी केसमध्ये शेकड्यानं घरं लागतात, आणि त्यातला ‘ा’ नेहमी कमी पडतो. मंगलाष्टकेची ओळ लांब असते. एकोणीस अक्षरं फुलस्केपच्या रुंदीत बसवायची तर मोठा टाइप चालत नाही, आणि लहान टाइप मांडवात म्हाताऱ्यांना दिसत नाही. मग भटजींच्या सोयीनं ओळ यतीवर तोडायची. (शार्दूलविक्रीडिताची यती बाराव्या अक्षरावर असते हे त्यांना शाळेत नाही, खिळे जुळवताना कळलं.) छपाई झाली की त्याच संध्याकाळी फर्मा सोडायचा, खिळे धुऊन आपापल्या घरात परत टाकायचे, कारण सकाळी सोसायटीच्या पावत्यांना तेच खिळे हवेत. “जुळणी ठेवून देणं आम्हाला परवडायचंच नाही,” ते म्हणाले.

म्हणजे एकशेएकावी प्रत इथेही निघत नव्हतीच. फरक इतकाच की कुआला प्रेसमध्ये ती निघू नये असं ठरवलेलं होतं आणि इथे खिळे अपुरे होते. सायक्लोस्टाइलची गोष्टही तीच: मेणाचा स्टेन्सिल काहीशे प्रतींनंतर फाटतो, अक्षरांची पोटं भरून येतात. मराठी सुट्या पानाची मर्यादा ही साधनांची मर्यादा आहे, आणि माझ्या मते ती आकडा घातलेल्या मर्यादेपेक्षा कमी खरी नाही. पण ती सिद्ध करायला कागदावर काही नसतं, ही अडचण उरतेच.

आज डिजिटल छपाईत हा हिशेब पार उलटला आहे. फाइल संगणकात कायम असते, पन्नास प्रतींनंतर थांबण्याचं यांत्रिक कारण उरलेलं नाही. कवितांची सुंदर सुलेखित पानं आता निघतात, काहींवर आकडेही असतात. त्या आकड्यामागे जे आहे ते फक्त काढणाऱ्याचं वचन. ते पाळलं जात नाही असं मला म्हणायचं नाही. ते तपासायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

तीन भूमिका

जमवावं का आणि काय जमवावं, यावर ढोबळपणे तीन मतं ऐकू येतात.

पहिलं मत: छापलेलं पान हीच कविता. ओळ कुठे तोडली, कागद कुठला घेतला, अक्षर केवढं, भोवती जागा किती सोडली, हे सगळं कवितेचं अंग आहे. या मताचे लोक कोलटकरांचं उदाहरण देतात, आणि ते चोख आहे. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. १९७६ मध्ये चार कवींनी मिळून काढलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’च्या पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांची. १९७७ मध्ये ‘प्रास’नं काढलेलं ‘अरुण कोलटकरच्या कविता’ पुढच्या कुठल्याही निवडक संग्रहातल्या त्याच कवितांशेजारी ठेवून पाहावं, हा वर्ग काय म्हणतो ते डोळ्यांना कळतं. र. कृ. जोशी यांच्यासारखा कवी आणि अक्षरकार एकाच देहात असलेला माणूसही याच बाजूचा साक्षीदार. संगणकावर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ अक्षरात मराठी वाचत आलो ते त्यांचं.

दुसरं मत: कविता शब्दांत असते, कागद हे नुसतं वाहन. या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार रत्नागिरी जिल्ह्यातलाच आहे. मालगुंडच्या केशवसुतांचा एकही संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. १९०५ मध्ये ते हुबळीला वारले आणि ‘केशवसुतांची कविता’ हे पुस्तक ह. ना. आपट्यांनी काढलं १९१७ मध्ये. त्या बारा वर्षांत आणि नंतरही त्यांच्या कवितेचं काही अडलं नाही. त्याही मागे जाऊन ही मंडळी तुकोबांच्या वह्यांकडे येतात. वह्या नदीत गेल्या तरी अभंग लोकांच्या कंठात होते, असं परंपरा सांगते. मग एका पिवळट कागदासाठी एवढा जीव का टाकायचा?

तिसरं मत अभ्यासकांचं आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते जोर धरतं आहे. त्यांना पान सुंदर आहे की नाही याच्याशी फार देणंघेणं नाही. त्यांना ते पुरावा म्हणून हवं आहे. कुणी छापलं, कुणाच्या पैशानं, कुणाला पोचलं, मागं कुणाचा पत्ता लिहिलेला आहे, कुठल्या कार्यक्रमाची वेळ टिपलेली आहे. लेटिशिया झेकिनी यांचं कोलटकरांवरचं पुस्तक (२०१४) आणि अंजली नेर्लेकर यांचं ‘बॉम्बे मॉडर्न’ (२०१६) वाचताना कळतं की मुंबईच्या साठोत्तरी कवितेचा इतिहास लिहायला असे फुटकळ कागद किती लागतात. या दृष्टीनं पाहिलं तर डाग पडलेली, घडी घातलेली, पाठीवर किराण्याची यादी लिहिलेली प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची.

या तिघांत चौथा एक अस्वस्थ आवाज मिसळतो, आणि तो लघुअनियतकालिकांच्या चळवळीच्या आतला आहे. बाजाराला, प्रस्थापित प्रकाशनांना आणि ‘दर्जेदार’ निर्मितीला कंटाळून ज्यांनी स्टेन्सिल कापले, त्यांचे कागद आता काचेखाली घालून त्यांना भाव लावायचा? हा आक्षेप भावनिक म्हणून उडवून लावता येत नाही. डेट्रॉइटच्या पानांचंही हेच झालं आहे. पण न जमवल्यानं त्या कागदांचं बंड टिकत नाही, कागद तेवढे जातात. हेही तितकंच खरं. मी स्वतः तिसऱ्या मताकडे झुकतो, हे वाचकाच्या लक्षात आलं असेलच.

एका पोस्टरचा खटला

‘गांधी मला भेटला’च्या बाबतीत पान आणि संहिता यांतला फरक कोर्टापर्यंत गेला, जरी कोर्टापुढचा प्रश्न तो नव्हता. पोस्टर निघालं १९८३ मध्ये. खटला उभा राहिला तो हीच कविता १९९४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या सभासदांसाठीच्या बुलेटिनमध्ये पुन्हा छापली गेली त्यावरून, भारतीय दंड संहितेच्या २९२ व्या कलमाखाली, अश्लीलतेचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ मे २०१५ रोजी निकाल लागला. बुलेटिनच्या प्रकाशक आणि मुद्रकानं पूर्वीच बिनशर्त माफी मागितली होती, त्यांना न्यायालयानं मोकळं केलं. कवीवरचा आरोप मात्र खटल्यासाठी कायम ठेवला. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा तिच्याभोवती तशी भाषा घातली तर समकालीन सामाजिक निकष अधिक कडकपणे लावला जाईल, असं न्यायालयाचं म्हणणं.

निकालाच्या बऱ्यावाईटाची चर्चा भरपूर झाली आहे, ती इथे नको. संग्राहकापुढे मात्र त्या निकालानं एक व्यावहारिक कोडं टाकलं आहे. मूळ पोस्टर कुणाच्या संग्रहात असलं तर ते प्रदर्शनात लावावं का? त्याचं छायाचित्र काढून प्रसिद्ध करावं का? घरात कागद असणं आणि तो लोकांसमोर मांडणं यांत कायदा फरक करतो. ज्यांच्याकडे ते आहे ते त्याविषयी मोठ्यानं बोलत नाहीत, यात नवल नाही.

जांभा, पाऊस आणि कसर

कोकणातल्या संग्राहकाचे पहिले तीन शत्रू वैचारिक नसतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याच्या भिंती ओल धरतात. अशा भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेल्या कागदावर दुसऱ्या पावसाळ्यात आतून बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात मुळातच आम्लाचं बीज. तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग घडीवर तुटतो. कसरीला खळ आवडते, वाळवीला सगळंच आवडतं.

यावर काय करावं याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही. कागद सपाट ठेवावा, गुंडाळू नये. आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवून पेटीत आडवा ठेवावा, पेटी बाहेरच्या भिंतीला लावू नये. सेलोटेप लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, कारण ते परत काढता येत नाही. हे मी अक्कल आल्यावर सांगतो आहे. माझ्या आजीच्या लग्नातल्या मंगलाष्टका मी तिशीत असताना एका स्टेशनरीच्या दुकानात हौसेनं लॅमिनेट करून आणल्या. गुलाबी रंग उडाला, शाई प्लॅस्टिकला चिकटली, आणि आता ती वस्तू फक्त मला लाजवण्यापुरती उरली आहे.

पोथ्या सांभाळण्याची आपली जुनी रीत इथे उपयोगी पडते की नाही, यावर मात्र मतं वेगळी आहेत. दोन फळ्यांमध्ये आवळून लाल बासनात बांधायचं, वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवायचा, पाऊस गेला की आश्विनात उघडून वारा द्यायचा. घट्ट बांधल्यानं हवेचा आणि दमटपणाचा वावर कमी होतो, हे तज्ज्ञही मान्य करतात. पण पोथीचा हातकागद मुळात टिकाऊ होता. ट्रेडलच्या रंगीत कागदाला तोच न्याय लागू करता येईल असं नाही. ओला पाला कागदाशेजारी ठेवणं तर काहींना धोक्याचंच वाटतं.

कुठे ठेवायचं, कुणी पाहायचं

मुंबईच्या कवींचे कागद जमवणारा एक मोठा संग्रह आज अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात उभा राहतो आहे. यावर दोन्ही बाजूंनी तळमळीनं बोललं जातं. एक बाजू म्हणते, तिथे थंड कोरडी खोली आहे, सूची आहे, मागितल्यावर पेटी समोर येते. इथे ठेवलं असतं तर रद्दीत गेलं असतं. दुसरी म्हणते, ज्या वाचकासाठी हे कागद निघाले त्याला व्हिसा काढून ते पाहायला जावं लागणार. दोन्ही म्हणणी वस्तुस्थितीला धरून आहेत. स्कॅन करून सर्वांना खुलं करावं हा मधला मार्ग सुचवला जातो, पण कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्व हक्क चालतो. केशवसुत कधीच मुक्त झाले. साठोत्तरी पिढी या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुक्त होत नाही. सुलेखित पानाच्या बाबतीत गुंता दुहेरी आहे, कारण अक्षरांची कलाकृती सुलेखनकाराची आणि शब्द कवीचे.

घरगुती पानांवर तर कवीचं नावच नसतं. ‘आपली आत्या’ एवढीच सही. तिचे वारस कोण, हे विचारायला निम्मं गाव गोळा करावं लागेल.

किमतीविषयी थोडक्यात. अशा पानांचे लिलाव होत नाहीत, विक्रीची सूची नाही, म्हणून भाव म्हणजे त्या दिवशी दोन माणसांत जे ठरेल ते. रद्दीवाल्याच्या तागडीत कविता आणि पावतीपुस्तक एकाच भावानं तोललं जातं, आणि बरेचसे संग्रह तिथूनच सुरू झाले आहेत. भाव नसल्यामुळे नकली माल अजून निघालेला नाही, हा एक फायदा. भाव येईल तेव्हा आकडा, तारीख आणि छापखान्याची नोंद नसलेल्या कागदाचं अस्सलपण कशावरून ठरवायचं, याचं उत्तर आज कुणाकडेच तयार नाही. खिळ्यांच्या झिजेवरून छापखाना ओळखता येतो, असं जुने कंपोझिटर सांगतात. मला दाखवलेल्या एका पानावरचा डाव्या बाजूनं तुटलेला ‘क्ष’ त्यांनी लगेच ओळखला. ही ओळख त्यांच्याबरोबर जाणार आहे.

रत्नागिरीपुरतं

इथलं नगर वाचनालय १८२८ चं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं केशवसुत स्मारक आहे, तिथे कविता पुस्तक न उघडता उभ्यानं वाचता येते. जुना रत्नागिरी जिल्हा, म्हणजे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीचा, धरला तर आरती प्रभू, विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर हे सगळे इथलेच. कवी मुबलक आणि वाचनालय दोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर, पण सुट्या पानांची यादी जिल्ह्यात कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. ती कुठल्या संस्थेनं करावी, की घरोघरीच्या लोकांनी आपापली करून एकत्र आणावी, यावरही एकमत नाही. मला दुसरा मार्ग जमण्यासारखा वाटतो, कारण कागद घरांतच आहेत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. येत्या मृगाआधी घरातल्या ट्रंका, देव्हाऱ्याचे खण आणि जुन्या साड्यांच्या घड्या एकदा पाहा. मंगलाष्टका, स्वागतपद्य, कुणाच्या एकसष्टीचं कवन, कवितावाचनात वाटलेलं एखादं पान, जे सापडेल ते सपाट करून कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. पाठीवर एका कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, पेननं नव्हे, एवढंच लिहा: कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठलं साल, कविता कुणी केली, छापखाना कुठला. छापखान्याचं नाव कागदावर नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.